गंजाचा आकडा

ज्या रुग्णासाठी अवयव आला असेल त्याच्या नात्यातल्या कुणीही अवयवकक्षात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम इस्पितळातलं तपासणीचं यंत्र चालवणाऱ्या राजुल चौगुलेनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. मिरजेसारख्या गावात असा नियम हवाच, असं तिचं म्हणणं. इथं दोन माणसं चहाला बसली की कप संपायच्या आत एकमेकांची पाहुणी निघतात. तेव्हा सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. आज ती त्याच कक्षाच्या काचेबाहेर बाकावर बसली होती, आत तिच्या सख्ख्या भावासाठी आलेलं लिव्हर होतं, आणि तिला आत जायला बंदी होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते तिला आता नीट समजत होतं.

बाकावरून काचेतून पडदा तेवढा दिसत होता. पडद्यावर एक आकडा आणि एक रेष. आकडा सव्वीस होता आणि चढत होता.

श्रेणिकचं, म्हणजे तिच्या भावाचं, मालगाव रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या मळ्यांतल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याकडं यायच्या आणि तांब्याची नवी तार लेवून परत जायच्या. माणूस असा, की कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. पण त्याचं स्वतःचंच शरीर त्याच्या लिव्हरवर उलटलं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, आणि गावानं लगेच निकाल लावून टाकला: चौगुल्यांचा श्रेणिक, जैनाच्या घरचा, आणि लिव्हर गेलं? चोरून पीत असणार. त्याची बायको त्रिशला सुरुवातीला असल्या लोकांशी भांडायची. फार तर महिना-दीड महिना, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं भांडणं सोडलं.

राजुलनं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा देऊ केला होता, पण रक्तगट जुळला नाही. त्रिशलाचाही नाही. मग उरलं वाट बघणं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर आभाळ कोसळायची वाट बघणं. ते कोसळलं जतच्या रस्त्यावर. मोटारसायकल ट्रकखाली गेली, दोन दिवसांनी त्या माणसाचा मेंदू मृत ठरला, आणि त्याच्या बायकोनं काळजावर दगड ठेवून होकार दिला.

पूर्वी असं लिव्हर बर्फात घालून पळवायचे आणि ते चांगलं की वाईट हे डॉक्टर रंगावरून, बोटानं दाबून ठरवायचे. आता ते कोमट पेटीत ठेवतात. पंप त्यातून पोषणाचा द्रव फिरवत राहतो, आणि लिव्हर आपण अजून कुणाच्या तरी पोटातच आहोत अशा समजुतीत काम करत राहतं. ते खरंच काम करतंय की आतून मरतंय, हे सांगतं ते राजुलचं यंत्र. त्याचं खरं नाव मालगाडीएवढं लांब आहे. इस्पितळात सगळे त्याला खिडकी म्हणतात.

खिडकीमागची कल्पना जुनी आणि सोपी आहे. एखाद्या पदार्थावर क्ष-किरण टाकले की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. त्यांचा वेग मोजला की अणू कोणता आणि तो कोणत्या अवस्थेत आहे हे कळतं. अडचण एकच. हे इलेक्ट्रॉन फार दुबळे असतात, हवेत किंवा पाण्यात शिरले की दोन पावलांत दमून बसतात. त्यांना मोजायचं तर निर्वात पोकळी लागते, आणि निर्वातात पाणी ठेवलं तर ते उकळून उडून जातं. त्यामुळं कितीतरी वर्षं हे शास्त्र कोरड्या, घट्ट पदार्थांपुरतंच राहिलं. रक्त, पाणी, वाफ यांना त्याच्या दारात मज्जाव.

मग ग्राफीन आलं. कार्बनच्या अणूंचा विणलेला पडदा, जाडी फक्त एका अणूची. त्यातून पाण्याचा रेणू जात नाही, हवेचा जात नाही, पण इलेक्ट्रॉन जातो. बारीक भोकांच्या चकतीवर हा पडदा ताणून बसवला की एका बाजूला वाहता द्रव आणि दुसऱ्या बाजूला निर्वात. मधली भिंत म्हणाल तर आहे, म्हणाल तर नाही. राजुलच्या खिडकीमागून लिव्हरचा द्रव केसाएवढ्या वाटेनं वाहतो आणि यंत्र त्यातलं लोखंड बघतं. पेशी धडधाकट असतील तर त्या लोखंडाला फेरस रूपात सांभाळतात. पेशींचा श्वास अडखळू लागला की तेच लोखंड फेरिक होतं, म्हणजे साध्या भाषेत गंजतं. शंभरातलं किती गंजलं, तो आकडा पडद्यावर येतो. गंज चाळीसच्या वर गेला की लिव्हर बाद.

आकडा एकतीस झाला तेव्हा राजुलला काहीतरी खटकलं. आकड्यापेक्षा रेष खटकली. ती अगदी सरळ होती, शाळेतल्या पोरानं पट्टी धरून ओढावी तशी. राजुलनं मरणारी लिव्हरं बरीच पाहिली होती. त्यांची रेष बराच वेळ रेंगाळते, थोडी चढते, थोडी सावरते, आणि मग एकदम उसळते. मरण इतक्या शिस्तीत येत नाही. त्या खोलीत इतक्या शिस्तीत काम करणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे क्ष-किरणांचा दिवा.

क्ष-किरण पाण्यातून गेले की पाण्याचे रेणू फुटतात आणि ते फुटके तुकडे लोखंडाला गंजवतात. या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर द्रव वाहता ठेवतात. प्रत्येक थेंब पापणी लवायच्या आत दिव्यापुढून निघून जातो, त्याला काही होत नाही. पण समजा, त्या केसाएवढ्या वाटेत एखादा बुडबुडा अडकला, तर? मोठ्या नळीतला प्रवाह ठीकच दिसणार. खिडकीमागं मात्र एकच थेंब कोंडून पडणार आणि दिवा त्याला भाजत बसणार. यंत्र बघत राहणार आणि त्याच्या बघण्यानंच गंज चढत राहणार. लिव्हर पेटीत ठणठणीत, आणि इकडं त्याच्या मरणाचा दाखला तयार.

तपासायला वेळ लागणार नव्हता. दिवा थोडा वेळ बंद ठेवायचा आणि परत लावायचा. आकडा होता तिथंच सापडला, तर गंज दिव्यानं चढवला होता. आत खिडकीवर इम्तियाज मुल्ला होता, तिच्याच बरोबरीचा, तिच्याइतकाच हात बसलेला माणूस. काचेवर टकटक करून त्याला दोन शब्द सांगायचे होते: दिवा बंद.

राजुल उठून काचेपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

कारण तिला हे हवं होतं. लिव्हर चांगलं निघावं आणि यंत्र खोटं निघावं, असं तिला जिवापाड हवं होतं. या कामाला नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती एक गोष्ट बजावून सांगायची: ज्या दिवशी आकडा तुमच्या मनासारखा येईल, त्या दिवशी स्वतःवर संशय घ्या. हेच लिव्हर दुसऱ्या कुणासाठी असतं तर ही रेष तुला सरळ दिसली असती का, असं तिनं स्वतःला विचारलं. ती बाकावर परत आली. दिव्याची ताकद, थेंबाचं आकारमान, लोखंड किती, असं मांडून तिनं मोबाईलवर हिशेब केला. दिव्यानं गंज चढतो म्हटलं तर रेष नेमकी एवढीच तिरपी यायला हवी होती. मग तिला वाटलं, आपण थेंबाचं माप आपल्याला सोयीचं धरलं असणार. तिनं सगळा हिशेब पुसला आणि पहिल्यापासून केला.

त्याच वेळी त्रिशला आली. खालच्या मजल्यावर श्रेणिकला तयार करून ठेवलं होतं, बोलावणं आलं की न्यायचं.

"काय म्हणतंय तुझं मशीन?"

"बघतंय अजून, वहिनी."

"चांगलं आहे न्हवं? तेवढं सांग. तोंड असं का पडलंय तुझं?"

राजुलनं तिला खाली जाऊन बसायला सांगितलं. मला एक शंका आहे, एवढंसुद्धा ती बोलली नाही. शंका खोटी निघाली तर वहिनीला आशेवर चढवून पुन्हा खाली ओढायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. त्रिशला काचेपाशी जाऊन त्या पेटीकडं थोडा वेळ बघत राहिली. देवळात लांबून दर्शन घ्यावं तशी तिनं मान झुकवली आणि ती गेली.

दुसऱ्या हिशेबाचंही उत्तर तेच आलं. राजुल धावतच काचेपाशी गेली. पडद्यावरचा आकडा लाल झाला होता. एक्केचाळीस.

डॉ. वर्षा भोकरे, श्रेणिकची शस्त्रक्रिया करणार होत्या त्या, तोवर कक्षाच्या दारात आल्या होत्या. राजुलनं त्यांना एका दमात सगळं सांगितलं. बुडबुडा, कोंडलेला थेंब, सरळ रेष, हिशेब. भोकरे मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राजुलला त्याचीच भीती वाटली.

"तू त्याची बहीण आहेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागी मीही हेच बोलले असते. मागच्या वर्षी एक बाप माझ्यापुढं उभा राहून असाच म्हणत होता, मशीन चुकतंय, मशीन चुकतंय. तीसवर असताना सांगितलं असतंस तर मी दिवा बंद करून बघितलं असतं. तेव्हा माझ्या हातात होतं."

आता नव्हतं. चाळीस ओलांडलं की संगणक कुणाला विचारत बसत नाही. श्रेणिकचा हक्क संपला होता, मागून आकडा चुकीचा ठरला तरी तो परत येणार नव्हता, आणि लिव्हर यादीतल्या पुढच्या माणसाच्या नावावर गेलं होतं. तो कोल्हापूरच्या एका इस्पितळात होता. त्या रक्तगटाचा आणि त्या मापाचा आणखी कुणी आसपास नव्हता. कोल्हापूरनं नको म्हटलं, तर लिव्हर पुन्हा मिरजेच्या पदरात पडणार होतं, भोकरे मॅडमच्या जबाबदारीवर. पण गंजलेलं लिव्हर मी श्रेणिकच्या पोटात घालणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्या खाली, श्रेणिककडं गेल्या. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. राजुलच्या बाबतीत कर्मानं तिचा स्वभावच हाताशी धरला होता.

कोल्हापूरचा फोन लगेच आला. डॉ. घोरपडे बोलत होते. गंज एक्केचाळीस असलेल्या लिव्हरला एरवी आपण हातही लावला नसता, पण आपल्या रुग्णाकडं आता फारसा वेळ नाही, तेव्हा यंत्रावरच्या माणसालाच विचारायचं आहे की हा आकडा खरा का, असं त्यांचं म्हणणं. इम्तियाजनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि दार उघडलं.

"ये आत," तो म्हणाला. "आता ते तुझ्या माणसाचं राहिलं नाही. नियमात बसतंय."

राजुल आत गेली. तिच्याच नियमानं तिला बाहेर बसवलं होतं, आणि आता त्याच नियमानं तिला मानानं आत घेतलं. तिला रडू येत होतं, पण त्याला आता वेळ नव्हता. तिनं दिवा बंद केला. तिघंही थांबली, दोघं इथं आणि एक फोनच्या दुसऱ्या टोकाला. मग तिनं दिवा परत लावला. आकडा होता तिथंच होता, तसूभर हललेला नाही. कुणी बघत नव्हतं तोवर गंज चढला नव्हता.

आता बुडबुडा. जोर लावला असता तर एका अणूचा पडदा फाटला असता आणि सगळा द्रव निर्वातात घुसून यंत्र बसलं असतं. तिनं चकती ज्यात बसवली होती तो भाग किंचित कलता केला आणि नळीवर नखानं हलके टिचक्या मारल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पारदर्शक नळीतून काहीतरी बारीक चमकून पुढं सरकलं, आणि खिडकीमागं ताजा द्रव आला.

पडद्यावरचा आकडा बदलला. लाल रंग गेला.

या कक्षाची एक रीत होती. आकडा दिसला की बघणाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं तो परत म्हणायचा, म्हणजे चुकीला जागा राहत नाही. राजुलनं हजारो वेळा हे केलं होतं. आताही तिनं विचार करायच्या आधी तिच्या तोंडून शब्द बाहेर पडला.

"अकरा."

इम्तियाजनं तो परत म्हटला नाही. त्यानं पडद्याकडं पाठ केली.

"मी अजून वाचलेलं नाही," तो अगदी हळू म्हणाला.

राजुलला समजायला एक क्षण लागला. एक्केचाळीस म्हणून सांगायचं, बस्स. घोरपडे नको म्हणतील. लिव्हर परत मिरजेला येईल. मग भोकरे मॅडमना वर बोलावून पडदा दाखवायचा, बघा, बुडबुडा निघाला, अकरा आहे. रात्रीपर्यंत ते श्रेणिकच्या पोटात असेल. आणि यात खोटं तरी किती? एक आकडा, तोही यंत्रानंच मघाशी दाखवलेला. श्रेणिकला ते आधी मिळालंच होतं. त्याच्या हातातून ते हिसकावलं एका बुडबुड्यानं, आणि तिनं स्वतः ते हिसकावू दिलं.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "आवाज नीट आला नाही. किती म्हणालात?"

कोल्हापूरचा तो माणूस कोण, बाई की पुरुष, लहान की मोठा, हे तिनं विचारलं नव्हतं आणि तिला कळूनही घ्यायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं श्रेणिकच होता. पिवळे डोळे आणि तारेनं चिरा पडलेली बोटं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. तिला वाटलं, आपण खोटं बोलणार. खरंच वाटलं. पण खोटं बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिथं दुसरा आकडा सापडेना.

"अकरा," ती म्हणाली. "मघाचा आकडा चुकीचा होता. लिव्हर उत्तम आहे. आम्ही लगेच गाडीनं पाठवतो."

मग इम्तियाज वळला, त्यानं पडदा पाहिला आणि रीतीप्रमाणं आकडा परत म्हटला.

श्रेणिकला त्याच्या खोलीत परत आणलं होतं. शस्त्रक्रियेसाठी पोटावर लावलेल्या औषधाचा तांबडा पट्टा अजून तसाच होता, आणि त्रिशला ओल्या फडक्यानं तो पुसत होती. खिडकीतून पिवळं ऊन पलंगावर आलं होतं. खराब निघालं, एवढं भोकरे मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं. राजुलला बघून श्रेणिकच तिची समजूत घालायला लागला.

"जाऊ दे गं. जळकी तार दुसऱ्या मोटारीत घालून काय उपयोग? खराबच होतं न्हवं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. तो शांत झोपला असता, आणि त्रिशलाला जन्मभर कुणाला दोष द्यावा लागला नसता.

"चांगलं होतं, अण्णा."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. सरळ रेष, एकतीसचा आकडा, काचेपर्यंत जाऊन परत येणं, दोनदा केलेला हिशेब, कोल्हापूरचा फोन. आपण खोटं बोलायला निघालो होतो आणि बोलू शकलो नाही, हेही. त्रिशलाचा हात त्या तांबड्या पट्ट्यावर थांबला. श्रेणिक छताकडं बघत ऐकत होता.

"एकतीसला गप्प का बसलीस?"

"मला ते इतकं हवं होतं, अण्णा, की माझा माझ्यावर भरवसा उरला नाही."

त्यानं मान वळवली आणि तिच्याकडं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"माझी बहीण म्हणून तुला बोलायला जमलं नाही," तो म्हणाला. "मग त्या माणसाची तू कोण लागत होतीस?"

खाली अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, फाटक उघडलं, आणि गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. तिघांनीही ते ऐकलं. श्रेणिकनं डोळे मिटले. त्रिशलानं राहिलेला पट्टा पुसून काढला, फडकं पिळलं, आणि उन्हाकडं एकदा बघितलं.

"राजुल," ती म्हणाली. "सकाळपासून ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. दिवस मावळायला आलाय, नंतर हे काही खात नाहीत. त्याच्या आत काहीतरी खायला दिलं तर चालेल न्हवं आता?"

राजुलला जवळची खुर्ची दिसत होती, पण तिच्यानं बसवेना.

"चालेल, वहिनी," ती म्हणाली. "आता चालेल."